सामू 8.1 च्या पाण्याला 8.4 च्या पाण्यापेक्षा जास्त आम्ल का लागलं?

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न आहे. त्यांच्या बोअरच्या पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, 8.1. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीचा 8.4. दोघांनी फवारणीच्या 200 लिटर पाण्यात प्रत्येकी 20 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड टाकलं. शेजाऱ्याचं पाणी 6.4 वर आलं. यांचं 6.9 वर अडलं आणि अर्ध्या तासानं परत सातच्या वर गेलं. दुकानदाराचं म्हणणं, "सायट्रिक वीक अ‍ॅसिड आहे, स्ट्राँग घेऊन जा." त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: कमी सामू असलेल्या पाण्याला आम्ल जास्त का लागतंय, स्ट्राँग घ्यावं का, आणि मातीचा सामू 8.3 आहे तो ड्रिपमधून आम्ल सोडून सातवर आणता येईल का. सोबत पाणी आणि मातीचे अहवालही त्यांनी दिले आहेत.

दादा, तुमचे आकडे मी कागदावर मांडून पाहिले. ते एकमेकांशी अगदी जुळतात, त्यामुळे सामू मोजायचा पेन बिघडलाय किंवा सायट्रिक भेसळीचं आहे असं मला वाटत नाही. पाण्याचा सामू किती आणि त्या पाण्याला आम्ल किती लागेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढायला गेलं की असं होतं. माती-पाणी तपासण्याच्या कामात मला वीसहून जास्त वर्षं झाली. ऑक्टोबर छाटणी झाली आणि फवारण्या सुरू झाल्या की सगळ्यात जास्त वेळा हीच गोष्ट समजावून सांगावी लागते.

विहिरीवरून सांगतो. दोन विहिरींत पाणी तीस फुटांवर आहे. दोन्हींवर पाच एचपीची मोटर सुरू केली. तासाभरात एक विहीर तळाला टेकली, दुसरीची पातळी हातभरसुद्धा हलली नाही. पातळी सारखीच होती, झरे सारखे नव्हते. सामू म्हणजे ही पातळी. तुमच्या पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल जिरवणारा क्षार, हा झरा. आम्ल टाकणं म्हणजे उपसा. झरा जिवंत आहे तोवर पातळी दाद देत नाही.

तुमच्या अहवालात खालून दुसऱ्या ओळीत लिहिलंय: बायकार्बोनेट 6.0 मिलीइक्विव्हॅलंट (आम्ल जिरवायची ताकद मोजायचं एकक) प्रति लिटर. शेजाऱ्यांच्या अहवालात तोच आकडा 2.4 आहे. म्हणजे तुमचा झरा त्यांच्या अडीच पट. सामूचा आकडा वरच्या ओळीत ठळक छापलेला असतो, म्हणून सगळ्यांची नजर तिथंच थांबते.

आता हा सामू नेमकं काय मोजतो ते बघू. पाण्यात त्या क्षणी मोकळे फिरणारे हायड्रोजन आयन किती, एवढंच तो सांगतो. 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञानं ही मोजपट्टी मांडली. ती प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कारखान्याची होती आणि काम चाललं होतं विकरांवर, म्हणजे एन्झाइमवर. या आयनांचे आकडे इतके बारीक असतात की दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लागते. म्हणून त्यांनी ते दहाच्या घातांकात घेतले आणि फक्त घातांक लिहायचा असं ठरवलं. त्यामुळे या पट्टीवर एक पायरी म्हणजे दहा पट फरक, आणि आकडा खाली गेला की आयन वाढतात. 8.4 आणि 8.1 यांत फरक दिसतो 0.3, पण प्रत्यक्षात तो दुप्पट आहे. 8.1 वरून 6.4 वर यायचं तर मोकळे आयन 50 पट व्हायला हवेत.

50 पट ऐकून छाती दडपते, पण ते 50 पट कशाचे हे पाहा. सामू 6.4 असलेल्या लिटरभर पाण्यात मोकळा हायड्रोजन असतो मोलच्या (मोल म्हणजे रेणू-आयन मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) एक कोटी भागांतले चार भाग. इतका बारीक आकडा हलवायला चिमूटभर आम्ल पुरायला हवं. शुद्ध पाण्यात ते पुरतंही. स्वच्छ धरलेल्या 200 लिटर पावसाच्या पाण्यात फक्त 1 ग्रॅम सायट्रिक टाकलं, तर सामू साडेचारच्या आसपास जातो. तुम्ही 20 ग्रॅम टाकूनही 6.9 वर अडलात, कारण टाकलेला हायड्रोजन मोकळा राहिलाच नाही. बायकार्बोनेटनं तो पकडला आणि त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साईड झालं. टाकी ढवळताना बारीक बुडबुडे उठलेले तुम्ही पाहिले असतील, तो हाच वायू.

हिशेब सोपा आहे, फक्त एक आकडा लक्षात ठेवायचा: 6.35. सामू तिथं आला की पाण्यातलं निम्मं बायकार्बोनेट संपलेलं असतं. तुमच्या 6.0 पैकी निम्मं म्हणजे लिटरला 3, आणि 200 लिटरला 600 मिलीइक्विव्हॅलंट आम्ल. सायट्रिकच्या एका रेणूत देण्याजोगे तीन हायड्रोजन असतात. या सामूला त्यांतले सरासरी अडीच निघतात. त्यावरून बाजारातलं खडेदार सायट्रिक साधारण 50 ग्रॅम लागेल. शेजाऱ्यांना याच हिशेबानं 20 ग्रॅम लागतं, आणि त्यांचं पाणी तेवढ्यातच 6.4 वर आलं. तुमच्या पाण्यासाठी 20 ग्रॅमचं उत्तर 6.9 च्या जवळपास येतं. तुमच्या पेननं तेच दाखवलं.

तुम्ही टाकाल त्या आम्लातल्या दर साडेसात हजार हायड्रोजनांपैकी जेमतेम एक मोकळा राहतो आणि पेनला दिसतो. बाकीचे सगळे झऱ्यानं गिळलेले असतात.

आणि 6.4 ऐवजी 5.5 हवा असेल तर निम्म्यावर भागत नाही, जवळजवळ नव्वद टक्के बायकार्बोनेट संपवावं लागतं. त्यापुढे झरा आटला की पातळी धाडकन खाली जाते. पहिली पन्नास मिली काही करत नाहीत आणि पुढची वीस मिली घात करतात, असं फवारणीवाले सांगतात, त्याचं कारण हे आहे.

अर्ध्या तासानं सामू परत का चढला, हेही यातच आलं. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साईड स्वतः सौम्य आम्ल आहे. टाकी ढवळत राहिलं, उन्हात उघडी ठेवली की तो उडून जातो आणि सामू वर सरकतो. म्हणून आम्ल टाकून पाणी रात्रभर ठेवू नका. सामू साधला की औषध घाला आणि फवारायला लागा.

शेजाऱ्यांच्या पाण्यात बायकार्बोनेट कमी असून सामू जास्त कसा, याचंही कारण बहुतेक हेच असणार. उघड्या विहिरीत शेवाळ असेल तर ते दिवसा ऊन खाताना पाण्यातला कार्बन डायऑक्साईड ओढून घेतं. आम्ल कमी झालं की सामू चढतो. हिरव्या पडलेल्या शेततळ्याचं पाणी भर दुपारी 9 दाखवतं आणि पहाटे तेच पाणी बरंच खाली आलेलं असतं. बोअरचं पाणी जमिनीतून येताना हा वायू सोबत घेऊन येतं, म्हणून ताजं असताना सामू कमी दिसतो.

इथं माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका बागायतदारानं बोअरच्या पाण्याची अर्धी भरलेली बाटली आणली. ती दोन दिवस मोटरसायकलच्या डिकीत होती. मी सामू मोजला, 8.5 आला, तेवढाच लिहून दिला आणि आम्लाचा अंदाजही त्याच्यावरूनच सांगितला. मात्रा साफ चुकली आणि त्यांची एक फवारणी वाया गेली. वायू बाटलीतच उडून गेला होता आणि बायकार्बोनेट मी मोजलंच नव्हतं. त्या दिवसापासून बायकार्बोनेटशिवाय पाण्याचा अहवाल मी कोणाच्या हातात दिलेला नाही.

आता स्ट्राँग आणि वीक. दुकानदारानं शब्द बरोबर वापरला, निष्कर्ष चुकीचा काढला. आम्ल तीव्र आहे की सौम्य, हे त्याच्या स्वभावावर ठरतं: पाण्यात पडल्यावर ते आपला हायड्रोजन लगेच सोडतं की धरून ठेवतं. हायड्रोक्लोरिक सगळाच्या सगळा सोडून देतं. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक धरून ठेवतं. लिटरला दशांश मोल घेतलं तर शंभर रेणूंतला जेमतेम एखादा सुटतो. म्हणून तेवढ्याच मात्रेच्या हायड्रोक्लोरिकचा सामू 1 असतो आणि अ‍ॅसेटिकचा 2.9.

पण हीच दोन द्रावणं मी प्रयोगशाळेत घेतली आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या तोटीच्या नळीतून, कॉस्टिक सोडा हा तीव्र आम्लारी (आम्लाला मारणारा पदार्थ) सोडत गेलो, तर दोन्हींना सोडा सारखाच लागतो. मागणी आली की सौम्य आम्लही राखून ठेवलेला हायड्रोजन काढून देतं. तुमच्या पाण्यात बायकार्बोनेट मागतच असतं. 6.4 ला सायट्रिकचे पहिले दोन हायड्रोजन पूर्ण निघालेले असतात आणि तिसरा निम्मा. तुमच्या कामापुरता त्याचा सौम्यपणा आडवा येतच नाही. तुमचं सायट्रिक कमी पडलं, कारण ते 50 च्या जागी 20 ग्रॅम होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे संहत आणि विरल. ती या दोघांहून वेगळी, कॅनमध्ये पाणी किती आणि आम्ल किती एवढाच तिचा अर्थ. तीव्र आम्ल विरल असू शकतं, सौम्य आम्ल संहत असू शकतं. आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी असंही कोणी समजू नये. हायड्रोफ्लुओरिक आम्ल या व्याख्येनं सौम्य आहे, तरी ते काच खातं आणि कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं.

तुम्ही 33 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक घेतलंत तर 200 लिटरला साधारण 57 मिली लागेल आणि सामू तोच 6.4 येईल. फरक पडतो हात चुकल्यावर. बायकार्बोनेट संपल्यानंतर नुसतं 20 मिली जादा पडलं तरी 200 लिटर पाण्याचा सामू थेट 3 वर जातो. सायट्रिक जादा पडलं तर घसरण सावकाश होते, कारण त्या टप्प्यात ते स्वतःच सामू धरून ठेवतं. शिवाय हायड्रोक्लोरिकच्या वाफा, पितळी नोझल, हातापायांचे चटके. फवारणीच्या टाकीसाठी मी सायट्रिकच सांगतो. फॉस्फोरिक वापरणारेही आहेत. पण तुमच्यासारख्या कॅल्शियमच्या जड पाण्यात ते ड्रिपमधून सोडलं आणि सामू पुरेसा खाली नसला, तर कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसून ड्रिपर बुजतात.

पाणी 6.4 वर आणावंच का, हे औषधावर अवलंबून आहे. मॅलॅथिऑन, डायमेथोएट यांसारखी औषधं विम्लधर्मी, म्हणजे सातच्या वर सामू असलेल्या, पाण्यात लवकर फुटतात, तिथं उपयोग होतो. सगळ्याच औषधांना गरज नसते, लेबल वाचा. एका ठिकाणी मात्र आम्ल अजिबात नको: बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात.

बोर्डोत मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण आम्लधर्मी असतं आणि चुना आम्लारी. एक टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी हे प्रमाण तुम्हाला पाठ असेल. तयार मिश्रणात लखलखीत घासलेला विळा बुडवून आपण बघतो. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडला, हे माझ्या आजोबांनाही ठाऊक होतं. मोकळं उरलेलं तांबं लोखंडावर चढतं, म्हणून तो थर दिसतो. तेच मोकळं तांबं कोवळ्या पानाला भाजतं. त्यात सायट्रिक टाकणं म्हणजे बांधलेलं तांबं पुन्हा मोकळं करणं.

चुन्यावरून आम्लारींचंही सांगून टाकतो, कारण नियम तोच आहे. चुना तीव्र आम्लारी आहे, जेवढा विरघळतो तेवढा पूर्ण काम करतो. पण लिटरभर पाण्यात तो पावणेदोन ग्रॅमच्या वर विरघळत नाही. निवळीचा सामू 12.4, तळाला कितीही गाळ असला तरी तेवढाच. पण निवळीत आम्ल टाकत राहा, तळातला चुना विरघळून भर घालत राहील. सामू सांगतो निवळीबद्दल, साठा असतो गाळात. तुमच्या पाण्यातलं बायकार्बोनेट तर अगदी सौम्य आम्लारी. खाण्याचा सोडा म्हणजे तेच, त्याच्या पाण्याचा सामू 8.3 च्या आसपास. सौम्य असूनही ते तुम्हाला पुरून उरलं, कारण ते भरपूर होतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, माती. मातीत तुम्हाला गाळासारखाच साठा आहे आणि तो प्रचंड आहे. अहवालात मुक्त चुनखडी 8 टक्के लिहिली आहे. एकरातल्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन साधारण 9 लाख किलो धरतात. त्याचे 8 टक्के म्हणजे 72 टन चुनखडी. एक टन चुनखडी संपवायला जवळजवळ एक टन सल्फ्युरिक आम्ल लागतं. ड्रिपमधून पाच-दहा लिटर सोडून सामू सातवर येईल असं कोणी सांगत असेल, तर त्याला हा गुणाकार करून दाखवा. ड्रिपमधलं आम्ल लॅटरलमधले, म्हणजे ड्रिपच्या नळ्यांमधले, क्षार धुवायला चांगलं, मी त्याची शिफारसही करतो, पण तो वेगळा विषय आहे. तुमची जमीन चोपण असती, सामू साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त, तर मी वेगळं बोललो असतो. तुमचा सोडियमचा आकडा कमी आहे, जमीन चुनखडीयुक्त आहे, एवढंच.

मग तुमच्या वेलीची शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, त्याचं काय? तो लोहाचा प्रश्न आहे. सामू एक पायरी चढला की हायड्रोजन दहापट घटतो, आणि मातीतलं फेरिक लोह हजारपट कमी विरघळतं. जमिनीत लोह असतं, मुळाला मिळत नाही. अशा जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसता टाकला तर काही वेळात गंजासारखा होऊन बसतो. ईडीटीए चिलेट (चिलेट म्हणजे लोह धरून ठेवणारं संयुग) साडेसहाच्या पुढे कमी पडायला लागतं. ईडीडीएचए चिलेट महाग आहे, पण 8.3 लाही लोह धरून ठेवतं. पूर्ण एकराचा सामू बदलण्यापेक्षा ड्रिपरखालचा मुळांचा पट्टा सांभाळा: शेणखत, अमोनियमयुक्त खत, थोडं गंधक. तेवढ्या ओंजळभर जागेत सामू उतरला तरी मुळाला पुरतो.

फवारणीच्या पाण्यासाठी माझा 50 ग्रॅमचा आकडाही आंधळेपणानं घेऊ नका, बादलीत पडताळा. 50 ग्रॅम सायट्रिक विरघळवून द्रावण बरोबर 1 लिटर करा. बादलीत तुमचं 10 लिटर पाणी घ्या. सुई काढलेल्या सिरिंजनं त्या द्रावणाचे 10 मिली सोडा, हलक्या हातानं ढवळा, सामू लिहा. पुन्हा 10 मिली. या मापात प्रत्येक सिरिंज म्हणजे 200 लिटरला 10 ग्रॅम. पाचव्या सिरिंजला तुम्ही 6.4 च्या आसपास असाल. पेन आधी 7 आणि 4 च्या बफरनं, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणानं, जुळवून घ्या, आणि त्याचं टोक कोरडं पडू देऊ नका. ते साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात न ठेवता पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवायचं असतं.

लॅटरल धुवायला हायड्रोक्लोरिक आणणारच असाल तर दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. आणि शेवाळासाठी वापरतो ती ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एका टाकीत, एका बादलीत, एका दिवशी येता कामा नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद पंपघरात गडी माणूस खोकत खाली बसलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याला उचलून बाहेर आणायला मिनिटभर उशीर झाला असता तर तो वाचला नसता.

तुमचा पाण्याचा अहवाल मे महिन्यातला आहे. पाऊस झाल्यावर बोअरचं बायकार्बोनेट बदलतं, कधी बरंच खाली येतं, आणि मग 50 ग्रॅम जास्त होतील. छाटणीआधी नवा नमुना काढा. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळा, काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहणार नाही असं बूच लावा आणि त्याच दिवशी तपासायला पोहोचवा.